कुजबुजसुद्धा बंद

आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेली मी पहिली. एम.एस्सी. झालेली तर आजवर एकटीच. पणजोबा फौजेत होते, आजोबा फौजेत होते, वडील एका बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभे राहिले, आणि आईने नई सडकेवरच्या एका दुकानाच्या साड्यांना फॉल लावत मला शिकवलं. कुणी विचारलं तर मी हे सांगते, नाही विचारलं तरी सांगते. म्हणून थाटीपुरात घरीच रसायनशास्त्राच्या शिकवण्या सुरू केल्या तेव्हा एक तास रिकामा गेला तरी मला चोरी केल्यासारखं वाटायचं. पहाटे साडेपाचची बॅच, सातची, मग दुपारच्या दोन, संध्याकाळच्या तीन. मधल्या वेळात वह्या तपासायच्या, आणि वह्या तपासता तपासता भाजी निवडायची.

दिवाळीनंतर आवाज बसला. सर्दी असेल म्हणून मिठाच्या गुळण्या केल्या. आवाज फाटू लागला, संध्याकाळपर्यंत अर्धाच उरायचा. एक दिवस ‘कार्बन’ म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा आली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी. “तीन हफ़्ते पूरा मौन, फिर देखेंगे,” ते म्हणाले. गाठी बसल्या नाहीत तर ऑपरेशन. त्यानंतर आवाज पहिल्यासारखा होईलच, असं काही ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. बोलल्याशिवाय पोट भरेल असं दुसरं कुठलंच काम मला येत नव्हतं.

मौन म्हणजे आवाज काढायचा नाही, असा मी सोयीचा अर्थ घेतला. बोर्डाची परीक्षा जवळ आलेली, मुलांना कसं सोडणार? मी कुजबुजत शिकवू लागले. मुलं पुढे सरकून बसायची. वर्ग इतका शांत की मला वाटलं, हे आधीच करायला हवं होतं. एक पोरगी शेजारणीला म्हणाली, “मॅडम तर भूतवाल्या पिक्चरसारख्या बोलतायत, यार.”

आठ दिवसांनी डॉक्टरांकडे गेले आणि कुजबुजतच सांगितलं, एक शब्द बोलले नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. “और ये अभी क्या कर रही हैं आप?”

कुजबुजण्याने घशावर बोलण्यापेक्षा जास्त ताण पडतो म्हणे. गाठी होत्या तशाच, वर सूज वाढलेली. तीन आठवडे पुन्हा पहिल्यापासून. रसायनशास्त्राची एम.एस्सी., आणि साधा एक शब्द मला नीट समजला नव्हता.

या वेळी बॅच खरोखर बंद केल्या. मुलांना ओळखीच्या एका सरांकडे पाठवलं. नवरा भोपाळला नोकरीला असतो, शनिवारी येतो. त्याने माझ्या आईला फोन केला. वडील गेल्यापासून ती शहराच्या लष्कर भागात एकटीच राहते. ती पिशवी घेऊन आली तीच पहारा द्यायला.

“मी बसले आहे इथे. तोंड उघडून तर बघ.”

पहिले दोन दिवस मी कपाटं आवरली. तिसऱ्या दिवशी आवरलेलंच कपाट पुन्हा आवरताना तिने मला पकडलं. “ए, इकडे बस.” फरशीवर तिने खडूने पंचवीस घरं आखली, फुल्या मारल्या आणि पिशवीतून चार कवड्या काढल्या. अष्टाचंगा. कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या तितकी घरं सोंगटी पुढे न्यायची, चारही पालथ्या पडल्या तर आठ. बांगड्यांचे तुकडे तिच्या सोंगट्या, खडूचे माझ्या.

“आठ!” ती म्हणाली आणि मी बघेपर्यंत कवड्या उचलल्यासुद्धा. पडले होते तीन. मी पाटीवर ‘तीन’ लिहून तिच्या नाकासमोर धरलं.

“काय लिहिलं आहेस? चष्मा नाहीये माझ्याजवळ.”

चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. मी बोट दाखवलं.

“हा लांबचा आहे. आणि इतकं कॉलेज केलंस, जरा अक्षर तर बघ! तो डॉक्टर बरा तुझ्यापेक्षा.”

आठ घरं चालून तिने माझी सोंगटी मारली. मी जमिनीवर हात आपटला. भांडायला माझ्याकडे तेवढंच होतं, आणि तिला ते पुरतं माहीत होतं.

चार-पाच दिवसांनी मी पाटीवर विचारलं, हा खेळ तुला येतो कसा? तिला मी कधी खेळताना पाहिलंच नव्हतं. माझ्या आठवणीत तिच्या हातात सुईच आहे. या वेळी अक्षर तिला बरोबर लागलं.

“तुझ्या बाबांबरोबर खेळायचे. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी, दार लावून.”

‘दार का?’

“तू बाहेर पुस्तक घेऊन बसलेली असायचीस. आम्ही खेळताना दिसलो असतो तर तू पण उठून आली असतीस ना. मग कुठली बी.एस्सी.?” तिने कवड्या हातात खुळखुळवल्या. “पण आम्हाला काय माहीत, तू नंतर उठायचंच विसरशील.”

त्या बंद दाराआड आई फॉल लावते आहे आणि बाबा रात्रपाळीची झोप काढताहेत, असंच मी समजत आले होते. माझ्यासाठी ती दोघं कधी घटकाभर बसली नाहीत, आणि आता मी बसले तर तो त्यांचा अपमान. मला राग यायला हवा होता. आला नाही. छातीवरचा दगड कुणी उचलावा तसं हलकं वाटलं. बसत होती की ती दोघं! बाबाही रडीचा डाव खेळायचे का, मी लिहून विचारलं.

“माझ्याकडूनच शिकले,” आई म्हणाली.

उरलेल्या दिवसांत दुपारी ती भिंतीला टेकून डुलकी काढायची आणि मी गच्चीत उन्हात बसायचे. आधी मनातल्या मनात हिशोब चालायचा, एवढ्या वेळात किती धडे झाले असते. मग तोही थांबला. समोरच्या दोरीवर शेजारणीची गोधडी वाळत असायची, ती मी बघत बसायचे. गोधडीत बघण्यासारखं काही नव्हतं.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी नळी घातली. मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. “आधे से भी कम रह गए हैं,” ते म्हणाले. “ऑपरेशन नहीं लगेगा.” रोज वीस मिनिटं बोलायला परवानगी, मग हळूहळू वाढवायचं. पुढे दोनच बॅच, त्याही माईक लावून. बाहेरच्या बाकावर आई बसली होती. मी मान हलवली, तशी तिने डोळे पुसले आणि रिक्षावाल्याशी भाव करायला निघाली.

संध्याकाळी एका मुलाच्या वडिलांचा फोन आला. “मैडम, सुबह वाला बैच कब से?”

“सुबह वाला अब नहीं होगा.” आवाज घोगरा होता, पण माझा होता.

“तो दोपहर में रख लीजिए.”

“दोपहर में मैं आराम करती हूँ.”

“आराम?”

“हाँ जी, आराम.”

फोन ठेवला. जेमतेम दोन मिनिटं खर्च झाली होती. आईने चहा आणला, आम्ही गच्चीत जाऊन बसलो, आणि त्या दिवसाची उरलेली अठरा मिनिटं तशीच राहिली.