मुलींचा रकाना

शिट्टीसरांनी चोवीस वर्षं शाळेतल्या मुलांना पळवलं आणि मुलींना नुसतं लिहिलं. शिट्टी सदा गळ्यात, म्हणून हे नाव. बायकोसुद्धा चिडली की हेच वापरायची. दर वर्षी उंची, धाव, लांब उडी यांची वही भरायची असे. मुलांची मापं सर भर उन्हात टेप ताणून, इमानेइतबारे घेत. मुलींची शिक्षकखोलीत, चहा पिता पिता. हजेरीच्या यादीतला पहिला मुलगा, त्याच्यासमोर पहिली मुलगी. त्याच्या उंचीतून चार सेंटिमीटर कापायचे, धावेत दीड सेकंद घालायचा. झालं काम! याला सर अनुभव म्हणत.

सहावी-सातवीतल्या कितीतरी पोरी पोरांपेक्षा उंच असतात, हे सरांनाही दिसायचं. व्हॉलीबॉलचं जाळं वर अडकवायला ते पोरींनाच हाक मारत. पण वहीत त्या बुटक्याच. डोळ्यांपेक्षा वहीवर विश्वास ठेवणारा सरळमार्गी माणूस!

यंदा शाळेच्या रिले संघात दोन मुलगे, दोन मुली हव्या होत्या. सरांची सातवीतली लेक त्यासाठी वर्षभर झुरत होती. रोज सकाळी सर तिला मैदानावर पळवत आणि मनातून फुलून येत. एवढी वेगवान पोरगी शाळेत दुसरी नव्हती.

नव्या मुख्याध्यापिका मात्र शिस्तीच्या. सरांचीच मुलगी, उगाच बोभाटा नको, म्हणून त्यांनी थेट वहीवरून निवड केली. मुलींच्या हजेरीत लेक नववी, म्हणून तिची धाव नवव्या मुलावरून लिहिलेली. मुलांमधला नववा म्हणजे अर्ध्या वाटेत बुटाची नाडी बांधायला बसणारा गडी. लेकीचं नाव कटलं.

सर धावतच गेले. "मॅडम, हिचा आकडा चुकलाय."

"हिचाच, की सगळेच? सगळे असतील तर तसं लेखी द्या."

 लेखी दिलं तर चोवीस वर्षांचा अनुभव मातीत जाणार होता. "राहू द्या," ते पुटपुटले. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

फळ्यावर मुलींची अख्खी यादी लागली, शेजारी प्रत्येकीची वेळ आणि चाचणीची तारीख. लेक घरी आली ती रडली नाही, भांडली नाही. समोर उभी राहून तिने शांतपणे विचारलं, "बाबा, त्या दिवशी मी तापाने फणफणले होते. तुम्हीच माझ्या कपाळावर पट्टी ठेवून शाळेत गेलात. मग माझ्या नावावर धावलं कोण?"