वहिनीचा भाऊ आणि तुर्भ्याचा इंटरव्ह्यू

एका वेळी एकानेच बोलावं, यावर माझ्या वहिनीच्या धाकट्या भावाची जेवढी श्रद्धा होती तेवढी कुणाची देवावरही नसेल. दादा-वहिनीच्या वाशीच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंही शिकायला होतो, मी उरणहून आलेली, तो सांगलीहून. सोसायटीच्या मीटिंगपासून बारशापर्यंत जिथे चार माणसं जमतील तिथे हा न सांगता अध्यक्ष. शेजारच्या नवरा-बायकोचं भांडण जिन्यात ऐकू आलं तरी दारात थांबून म्हणायचा, "आधी त्यांचं पुरं होऊ द्या." एकदा बाजारात कोळणीभोवती रेटारेटी करणाऱ्या गिऱ्हाइकांना त्याने रांगेत लावलं, घाईतल्यांना पुढे सोडलं आणि स्वतः शेवटी राहिला. तोवर मासळीची पाटी रिकामी. कोळीण म्हणाली, "दादा, तू मावरा घ्यावला आयलास का सभा भरवाला?" यात हसण्यासारखं काय, ते त्याला कळलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही दोघं एकदमच बी.एस्सी. झालो आणि तुर्भ्याला कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका कंपनीने आम्हाला एकाच दिवशी इंटरव्ह्यूला बोलावलं. बाबांनी माझ्यासाठी जासईचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. या वेळी जमलं नाही तर घरी ये, एवढंच ते म्हणाले होते. त्याचे वडील रिटायर झालेले, आणि बहिणीच्या घरी आणखी किती राहायचं हे त्याला आतून खात असावं. सकाळी दादाकडून मागून घेतलेला टाय त्याने तीनदा सोडून पुन्हा बांधला.

लेखी परीक्षेत दोघंही पास झालो. मग आम्हा आठ-दहा जणांना एका लांब टेबलाभोवती बसवलं. कॉम्प्युटरमुळे नोकऱ्या जातील का, यावर आपसात चर्चा करायची होती. कोपऱ्यात तीन साहेब कागद घेऊन बसले. मुंबईची मुलं जी सुरू झाली, ती फाडफाड इंग्रजीत, एकमेकांवर चढून. मी तोंड उघडायची, कुणीतरी मधे घुसायचं, मी मिटायची. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि मला बाबांचा चेहरा दिसत होता.

त्याने टेबलावर तळहात ठेवला. "एक मिनिट. मघापासून या काहीतरी बोलू बघतायत."

मला तो आयुष्यात पहिल्यांदाच 'या' म्हणाला. सगळे माझ्याकडे वळले. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की बंदरासाठी आमच्याकडची मिठागरं गेली, नोकऱ्या आल्याही, पण ज्यांचं मीठ गेलं त्यांना नाही मिळाल्या. कॉम्प्युटर आधी कुणाला शिकवायचा, ते ठरवा. एका साहेबांनी मान वर करून माझं नाव विचारलं. त्यानंतर वहिनीच्या भावाने आणखी दोन बुजऱ्या मुलांना बोलतं केलं, आणि वेळ संपली.

मग एकेकाला आत बोलावलं. तो लगेच बाहेर आला. "काय विचारलं?" मी म्हणाले.

"चर्चेत तुम्ही का बोलला नाहीत, म्हणाले. मी सांगितलं, माझा नंबर आला नव्हता."

"मग?"

"हसले." त्याने टाय सैल केला. "चांगले वाटले स्वभावाने."

संध्याकाळी नावं वाचली, तेव्हा माझं होतं, त्याचं नव्हतं. बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत बसला. मला आनंदही धड करता येईना. बिल्डिंगखाली आल्यावर म्हणाला, "तू वर जा. तुझं सांग आधी. ताईला जरा वेळ खूश होऊ दे, माझं मग सांगू."

पुढे तो पुण्याला गेला, बरी नोकरी लागली, संसार झाला. आता वर्षावर्षात भेट होत नाही. मला मात्र ती संध्याकाळच आठवते. मी सांगितल्यावर वहिनीने मला पोटाशी धरलं, देवापुढे साखर ठेवली आणि मग दाराकडे बघत विचारलं, "आणि तो?"

"खाली थांबलाय," मी म्हणाले. "म्हणाला, आधी तुझं सांग." वहिनी चप्पल न घालताच जिना उतरली.