गुरुवारचं पोट

कार्तिक वद्य तृतीया, गुरुवार. सकाळी धुकं, दहाच्या सुमाराला लख्ख ऊन, वारा पडलेला.

हवा लिहिल्याशिवाय मी रोजनिशीत पुढं सरकत नाही, ही माझी खोड. पण आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! त्या दिवशी हवा तेवढी चांगली होती, बाकी सगळं बिघडलं. आणि बिघडवणारा दुसरा कुणी नाही, मीच.

तेव्हा निजामाचं राज्य. जळकोटच्या आमच्या शाळेला शुक्रवारी सुट्टी, म्हणून आठवड्याचा उर्दू इमला गुरुवारी. इमला म्हणजे मास्तरांनी सांगायचं आणि पोरांनी लिहायचं. घरात मराठी, बाजारात अर्धी कानडी, आणि लिहायचं उर्दू, तेही उजवीकडून डावीकडं! माझा भाचा मल्लू शाळेसाठी आमच्याकडं राहायचा. बुधवारपर्यंत पोरगं ठणठणीत. गुरुवार उजाडला की पोट धरून बसलं.

"मामी, लई दुखतंय."

आमची मंडळी लगेच ओवा-मीठ काढायची. मी म्हणायचो, "ह्याचं पोट वार बघून दुखतं व्हय गं? ढोंग आहे सगळं!"

मल्लूला शाळा नको होती असं नाही हं. हिशेबात तो सगळ्यांच्या पुढं. त्याला फक्त गुरुवार नको होता. पण गैरहजेरी वाढली आणि कासीम मास्तरांनी त्याच्या बापाला निरोप धाडला. दाजी आले ते उंबऱ्यातूनच बोलायला लागले.

"पावणं, पुरं झालं शिक्षण. शाळा तपासायला मोहतमीम साहेब येणार हाईत म्हणं. त्या दिशी म्या गाडी जुंपूनच येतो. पोरगं पळालं तर गाडीत घालून घेऊन जातो. गुरांना उर्दू लागत न्हाय!"

मल्लू रडला नाही. नुसता माझ्याकडं बघत राहिला. ते बघणं मला सोसेना.

मी म्हणालो, "असं करू. मलाही उर्दू येत नाही. बोलता येतं मोडकंतोडकं, पण अक्षर ओळखीचं नाही. मी येतो तुझ्यासोबत शाळेत. दोघं मिळून चुकू."

"लोक हसतील मामा."

"हसू देत. अवघड वाटलं म्हणून पळायचं नाही. मी पळतो का बघ!"

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. पुढं ते मलाच नडलं.

कासीम मास्तर भला माणूस. त्यांनी मला वर्गात बसू दिलं. पण माझे गुडघे धरलेले, सतरंजीवर मांडी घालता येईना, म्हणून मास्तरांनी शाळेतली एकुलती एक खुर्ची मला दिली आणि स्वतः उभ्यानं शिकवू लागले. माझं किराणा दुकान मंडळीवर सोपवून मी रोज तासभर जायचो. लढाईमुळं रॉकेल मिळत नव्हतं, तेव्हा घरचा अभ्यासही दिवसाउजेडीच, मिठाच्या पोत्यावर पाटी ठेवून.

मास्तरांची रीत साधी. अवघड शब्द आला तर त्याच्यावर बोट ठेवायचं. उचलायचं नाही. त्याचे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा म्हणायचा, मग जोडायचे. "लफ्ज भाग के कहाँ जाएगा? तुम मत भागो, बस," असं म्हणायचे.

माझी अक्षरं बघून मल्लू पोट धरून हसायचा. हे पोट धरणं निराळं! "मामा, ह्याच्या पोटात टिंब राहिलं की वो!" म्हणून तो माझ्या चुका दाखवायचा, आणि दाखवता दाखवता त्याच्या स्वतःच्या कमी व्हायला लागल्या. माझ्या मात्र काही होईनात.

दोन महिने असे गेले. मग तो गुरुवार आला.

दाजी गाडी घेऊन सकाळीच दुकानापुढं हजर. मल्लूचं तोंड उतरलेलं, पण तो निघाला. साहेब येणार म्हणून मी लग्नातला काळा कोट चढवला, डोक्यावर टोपी घातली आणि नेहमीसारखा खुर्चीवर जाऊन बसलो. मास्तर साहेबांना घ्यायला नळदुर्गच्या रस्त्यावर गेले. साहेब मात्र आले उलट्या बाजूनं, टांग्यातून!

दारात शेरवानी दिसली. पोरं उभी राहिली, मी उभा राहिलो. आता तुम्हीच सांगा, कोट घालून खुर्चीपाशी उभा असलेला माणूस साहेबांना कोण वाटणार?

"आप मुदर्रिस हैं?"

मुदर्रिस म्हणजे शिक्षक, हे मला ठाऊक होतं. पण सरकारी माणसापुढं तोंडाला एकच सवय.

"जी हुजूर."

"कब से?"

"जी, दो महिने से." हे तर खरंच होतं!

"बच्चे कैसे हैं?"

"जी, मेरे से हुशार."

साहेब खूश होऊन हसले. केवढा हा विनय! त्यांनी टेबलावरचं पुस्तक माझ्या हातात दिलं. "इमला लिखवाइए."

मी पुस्तक उघडलं ते डावीकडून. म्हणजे शेवटचं पान. छापील अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेली. बोट ठेवलं, पण कशावर? साहेब बघतायत, पोरं बघतायत, मल्लू बघतोय. आणि बेंबीच्या मागून अशी कळ उठली म्हणता!

"हुजूर, पेट में... पेट में दर्द है," एवढं बोललो आणि सुटलो. धरलेले गुडघे कुठं गेले कोण जाणे. बाजारातून कोटासकट पळत घरी आलो.

मंडळीनं बघितलं. ओव्याचा डबा काढला.

भिंतीकडं तोंड करून पडलो होतो, आणि खरं सांगतो, पोट खरंच दुखत होतं. सोंग नव्हतं. मग त्या पोराला मी इतके गुरुवार ढोंगी कसा म्हणालो?

दुपारी मल्लू आला. मागोमाग कासीम मास्तर, घामानं निथळत, हसू दाबत. ते परतले तोवर साहेब गेलेले; पोरांकडून ऐकलेलं सगळं त्यांनी सांगितलं. मी गेल्यावर साहेबांनी विचारलं, हे पुस्तक कोण वाचेल? मल्लू उठला. तिसऱ्याच शब्दाला अडला. त्यावर बोट ठेवून म्हणाला, "थांबा हुजूर, ह्यो अवघड हाय." तुकडे पाडले, जोडले, पुढं वाचलं. मग बसून साहेबांनी सांगितलेला इमलाही सगळ्यांसोबत लिहिला.

मी मल्लूला विचारलं, "भ्यायला नाहीस?"

"भ्यालो की. पोटबी दुखत हुतं. पण तुमी पळालाव. आता आपल्या घरातलं कुणीतरी थांबाया नको व्हय?"

दाजी तंबाखू मळत होते. चिमूट तोंडात टाकून एकटेच बैल जुंपायला उठले.

मल्लूचे दहा शब्दांपैकी सहा बरोबर. वरच्या जमातीत, म्हणजे वर्गात, घातला. दाजींची गाडी रिकामी परत गेली. शाळेच्या शेरेबुकात साहेबांनी लिहिलं: मुदर्रिस बीमार, आठ दिवसांची रजा मंजूर.