डावा खांदा, अर्धा इंच

तिला सगळे टाचणीबाई म्हणत. तोंडात चार टाचण्या धरल्याशिवाय तिला काही सुचतच नसे, त्याला ती तरी काय करणार! फोनवरसुद्धा ती ओठांच्या कोपऱ्यातून बोलायची आणि पलीकडच्याला वाटायचं, बाईंची दाढ दुखतेय.

काम मात्र मोठं मजेचं. जुन्या बाजारातून साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे फोटो आणायचे, त्यातल्या बायकांचे ड्रेस भिंगातून न्याहाळायचे आणि तसाच, पण घालून धावत बस पकडता येईल असा ड्रेस शिवायचा. मग तो ड्रेस आणि त्याचं कागदी कटिंग शिवणाच्या मासिकाकडे धाडायचं. मासिकात ते छापून आलं की घरोघरच्या बायका जमिनीवर कापड पसरून कात्री चालवणार. अकरा वर्षं ते पान तिचं होतं. तिचा जीव होता त्या पानात.

घरात तिच्याशिवाय आणखी दोघी: आत्या आणि आत्याचा पुतळा. आत्या एकाहत्तर वर्षांची, जन्मभर दारोदार टपाल वाटून निवृत्त झालेली. पुतळा शिवणाचा, नुसतं धड. पान मिळालं तेव्हा टाचणीबाईने तो जुनाच विकत घेतला होता. मासिकातल्या कटिंगचं मधलं, म्हणजे मीडियम माप आणि आत्याचं माप तंतोतंत जुळलं, तेव्हा तिने आत्याला तासभर उभं केलं आणि जागोजाग कापूस भरून, वर कापड ताणून पुतळा हुबेहूब आत्यासारखा करून टाकला. "डोकं दिलं नाहीस ते बरं केलंस," आत्या म्हणाली होती, "नाहीतर दोघी मिळून तुला बोललो असतो."

या खेपेला टाचणीबाईने हौसेने नवीनच प्रकार केला. पुढचे दोन भाग एकावर एक येतात आणि कमरेशी बांधले जातात, असा ड्रेस. खाली भरपूर घेर, चॉकलेटी कापडावर पांढरे ठिपके. सगळं धाडून तिने हात झटकले. चौथ्या दिवशी संपादकबाईंचा फोन.

"अहो, तुमच्या कटिंगवरून आमच्याकडे दोनदा ड्रेस शिवून पाहिला. दोन्ही वेळा डावा खांदा उतरतोय. चांगला अर्धा इंच!"

"शक्यच नाही," टाचणीबाई म्हणाली आणि तिने टाचण्या तोंडातून काढल्या. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"अंक शुक्रवारी छापायला जातोय. गुरुवारपर्यंत दुरुस्त कटिंग आलं तर ठीक. नाहीतर पान दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल. आणि एकदा दिलं की मग..." त्यांनी फोन ठेवला.

दोन दिवस टाचणीबाईने आकाशपाताळ एक केलं. गळा मोजला, बाहीचा मुंढा मोजला, टेप बदलून पुन्हा मोजला. मांजरपाटाचा कच्चा नमुना पुतळ्यावर चढवला, तर एक सुरकुती नाही! अगदी अंगचा असल्यासारखा बसला. "मग खोटं कोण बोलतंय गं?" ती पुतळ्यावर खेकसली.

बुधवारी दुपारी आत्या खिडकीशी शब्दकोडं सोडवत बसली होती. सोडवता सोडवता तिने स्वेटरचा डावा खांदा वर ओढला. जरा वेळाने पुन्हा ओढला. हे ती दिवसातून पन्नासदा करायची. रोजचं झालं की माणसाला दिसेनासं होतं, पण त्या दिवशी टाचणीबाईला दिसलं.

"आत्या, उभी राहा बघू. सरळ."

तिने जमिनीपासून एक खांदा मोजला, दुसरा मोजला. मग पुतळा मोजला. दोघींचा डावा खांदा अर्धा इंच खाली!

"अगं, तुझा खांदा उतरलाय!"

"मग? तीस वर्षं टपालाची पिशवी काय डोक्यावरून नेत होते?"

"तेव्हाच नाही का सांगायचंस?"

"तू विचारलंस? हलू नकोस म्हणालीस, मी हलले नाही."

टाचणीबाई मटकन स्टुलावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आजवर ती फक्त उजवी बाजू काढायची. कापडाची दुहेरी घडी घालून कापलं की डावी आपोआप सारखी यायची. अकरा वर्षांत डाव्या खांद्याला कुणी विचारलंच नव्हतं. या ड्रेसच्या दोन्ही बाजू प्रथमच वेगवेगळ्या काढल्या, आणि पितळ उघडं पडलं.

गुरुवारी दुपारच्या आत नवीन कटिंग गेलं. सोबत वाचकांसाठी चार ओळी: कापण्याआधी कुणाकडून तरी आपले दोन्ही खांदे मोजून घ्या, ते सारखे असतीलच असं नाही. संपादकबाई "जागा नाही हो" म्हणून कुरकुरल्या, पण त्यांनी त्या ओळी छापल्या. पान टाचणीबाईकडेच राहिलं.

शनिवारी तो चुकलेला ड्रेस परत आला. तो उसवून निदान कापड तरी वाचवावं म्हणून टाचणीबाईने कात्री उचलली, आणि तिचा हात थबकला.

"आत्या, जरा घालून बघ."

"ठिपके? या वयात? लोक काय म्हणतील!" असं म्हणत आत्या आत गेलीसुद्धा.

बाहेर येऊन ती आरशासमोर उभी राहिली. सवयीने तिचा उजवा हात डाव्या खांद्याकडे गेला. ओढायला काही नव्हतंच. हात क्षणभर तसाच राहिला आणि हळूच खाली आला.

टाचणीबाईला भरून आलं, आणि स्वतःची लाजही वाटली. हिच्या मापावर अकरा वर्षं जगाला ड्रेस दिले, आणि हिला एक शिवला नाही. आत्या या बाजूने वळली, त्या बाजूने वळली, मग दोन्ही हातांनी कमरेशी काहीतरी चाचपू लागली.

"बसलाय चांगला," ती म्हणाली. "पण खिसा विसरलीस. पुढच्या ड्रेसला दे."