सबवूफरची घरघर

सबवूफर मुक्तानेच बिघडवला, असं मी पाहुण्यांसमोर बोललो, ही माझी चूक. "बाबा, मी आवाज वाढवलाच नव्हता," एवढंच म्हणून माझी लेक तेव्हापासून हेडफोन लावून बसू लागली. गाणं बंद असलं तरी त्या स्पीकरच्या डब्याची घरघर चालूच राहायची आणि मलाही एका जागी बसवत नसे.

आज एकेक वायर काढून पाहिली. शेवटी सबवूफर ज्याला जोडला होता, त्या कॉम्प्युटरची पिन हाती आली. एक्स्टेंशन बोर्डात बसेना म्हणून तिचा अर्थिंगचा जाड पाय मीच पक्कडीने तोडला होता; अर्थिंग नसल्यानेच ती घरघर येत होती. पिन बदलून भिंतीतल्या सॉकेटात लावली आणि खोली एकदम शांत झाली. दोष शोधताना माणूस स्वतःच्या हातापर्यंत सगळ्यात शेवटी पोहोचतो.

मी मुक्ताच्या खांद्याला हात लावला. तिने हेडफोन काढला. "आता काय केलं मी?"

"तू नाही गं. बिघडवला मीच आणि बोल तुला लावला. चुकलो."