इंजिन लटकत ठेवून जेवायला बसवलं

मंडळी, आज दुपारी माझं चुकलं.

सासऱ्यांची जुनी गाडी पुन्हा चालवायची, हा यांचा ध्यास. गॅरेजात मित्रांसोबत यांनी तिचं इंजिन चेनकप्पीने वर उचललं होतं. मी दारातूनच ओरडले, "वरण-बट्टी गार होतेय, आधी जेवा!"

"वहिनी, एवढं खाली घेऊ द्या," यांचे मित्र सुरेशभाऊ म्हणाले.

"ते कुठे पळून जातंय?"

सगळे निमूट ताटावर बसले. तेवढ्यात धाडकन आवाज आला. साखळी निसटून इंजिन फरशीवर आदळलं आणि फुटलं.

"बरं झालं वहिनी, तुम्ही बोलावलं. आमचे पाय वाचले!" सुरेशभाऊ हसले. हे मात्र ताटातली बट्टी नुसतीच कुस्करत राहिले.

मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "बट्टीवर तूप घ्या."

तुम्ही घरच्या माणसाची माफी कशी मागता?