आधी मीटर, मग भाडं

लंडनमध्ये दोन वर्षं राहून लंडन इतकं कमी पाहिलेला आणि त्यावर इतकं जास्त बोललेला माणूस बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात माझ्या साडूंखेरीज दुसरा नाही. तिथला राजवाडा त्यांनी पाहिला नाही. नदीबद्दल विचारलं तर "हाय की, पानी हाय" एवढंच सांगतात. निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीने त्यांना पान पारखण्याची विलायती रीत शिकायला तिकडे धाडलं होतं. ती ते शिकले असावेत, कारण वखारीतला त्यांचा मान वाढला. पण बोलायला त्यांनी येताना एकच विषय आणला: परमुलखात खोली भाड्याने घेतली की दिव्याचं, पाण्याचं आणि गॅसचं बिल कुणी भरायचं, आणि भरताना फसायचं कसं नाही.

हे ऐकून माणसं उठून जातील असा माझा अंदाज होता. तो चुकला. दर दिवाळीला निपाणीला आमच्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या, घरी आम्ही दोघे जावई जमत असू. मामा आपला लोड साडूंकडे सरकवत आणि म्हणत, "हां, मग ती पेटी." ती पेटी म्हणजे गॅसचा मीटर. साडूंच्या खोलीत दाराशी तो बसवलेला होता. फटीत एक शिलिंग टाकला की नळीला गॅस येई, त्यावर शेगडी पेटे आणि थंडीत खोलीही ऊब धरी. शिलिंग संपला की दोन्ही विझत, मग भात कच्चा राहो की माणूस. महिन्या-दोन महिन्यांनी कंपनीचा माणूस येऊन पेटी रिकामी करी. मीटर मुद्दाम चढ्या भावाला लावलेला असे, म्हणून जादा पडलेली नाणी तो तिथेच परत देई. ती नाणी घरमालकीण निमूट पदरात घाली आणि भाडेकरूंना त्याची गंधवार्ता नसे. साडूंना ती लागली, कारण त्या दिवशी ते तापाने खोलीतच पडून होते. ते घोंगडं पांघरून जिना उतरले आणि तिच्यासमोर उभे राहून म्हणाले, "मॅडम, हूज गॅस?"

इथे साडू थांबत. मामा विचारत, "मग बाई काय म्हनली?" उत्तर मामांना पाठ होतं, मलाही होतं.

"बाई म्हनली, वीस वर्सांत ह्ये कुनी इचारलं न्हाई!"

मामा मांडीवर थाप मारून हसत. स्वयंपाकघरातूनही हसू ऐकू येई, आणि त्यात माझ्या बायकोचं हसू मला वेगळं ओळखू येई. त्या वर्षांत बेळगाव जिल्ह्यातल्या कितीतरी खऱ्या भानगडी मला ठाऊक होत्या, त्यातल्या दोन-तीन मी वर्तमानपत्रातून उघडकीला आणल्या होत्या. मामांनी त्यांतल्या एकीबद्दलही "मग काय झालं?" असं कधी विचारलं नाही. साडूंचा मला हेवा वाटत असे. हे इथे सुरुवातीलाच नोंदवलेलं बरं.

एका शिलिंगात सगळं उरकायचं या सवयीने साडूंना जाळ वाया गेलेला बघवत नसे. तिकडे ते मोठ्या जाळावर चहा करीत, तो उतरवून भात चढवीत, आणि शेवटच्या निळ्या ज्योतीवर दाढीचं पाणी कोमट करीत. निपाणीत चुलीत तंबाखूच्या काड्या जळतात आणि त्यांची कुणी किंमत धरीत नाही. तरी साडू पहाटे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहून सांगत, "चहा उतरला न्हवं? मग जाळ रिकामा का जळतोय? भात टाका की!" सकाळी सहाला भात तयार होऊन दुपारी बारापर्यंत गार होई. सगळे तो गारच खात. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून या घरात गार भात खाल्ला गेला नसता. माझी बायको म्हणे, "दाजींना जाळ कळतो." मला काय कळतं हे ती सांगत नसे.

आम्ही तेव्हा बेळगावच्या शहापुरात एका विणकराच्या माडीवर भाड्याने राहत होतो. खाली त्याचे माग चालत. घरात नुकतीच वीज आली होती आणि घरमालक आमच्याकडून दिव्यामागे ठरावीक पैसे घेई. मी ते मुकाट देत होतो. एकदा साडू मोटारीने मुक्कामाला आले. पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "मीटर कुटं हाय?" मीटर खाली मागांच्या खोलीत होता. खंडेनवमीला घरमालकाने मागाबरोबर त्याचीही पूजा केली होती. विणकराच्या घरात जे फिरतं ते पुजलं जातं, आणि मीटरची चकती फिरते. झेंडूची माळ सुकून लटकत होती. काचेवर हळदकुंकवाचा एवढा थर होता की आतला एकही आकडा दिसत नव्हता. दसरा होऊन दोन महिने झाले होते.

"आकडा कोन बघतंय?" साडूंनी विचारलं.

"कंपनीचा मानूस येतोय की," घरमालक म्हणाला. "त्योबी हात जोडतोय आन् अंदाजानं लिवतोय. देवाचं पुसायचं कसं?"

"आप्पा, देवाला हिशेब नसतोय. ह्येला हाय."

साडूंनी धोतराचा सोगा भिजवला, मीटरला आधी नमस्कार केला आणि मग काच पुसली. घरमालकाची बायको "शिवा, शिवा" म्हणत आत गेली. साडूंनी आकडा मोठ्याने वाचला, भिंतीवर कोळशाने लिहिला, खाली घरमालकाची आणि माझी सही घेतली. महिनाअखेरीस दोन आकड्यांतली वजाबाकी झाली तेव्हा कळलं की कंपनीचा अंदाज घरमालकाला आणि घरमालकाचा अंदाज मला, दोन्ही भरपूर सढळ होते. माझे पैसे निम्म्यावर आले. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्यानंतर घरमालक मला जिन्यात गाठून एकच विचारी, "तुमचं साडू पुन्यांदा कवा येनार?" माझ्या भाड्याच्या घरातसुद्धा माझ्यापेक्षा त्यांची वाट जास्त पाहिली जाऊ लागली.

आणि मग माझी पाळी आली. मुंबईच्या ज्या दैनिकाला मी इकडच्या बातम्या पाठवीत असे, त्याच्या मालकांनी कामाची पद्धत पाहायला एक माणूस वर्षभर लंडनला धाडायचं ठरवलं आणि माझी निवड झाली. ऑक्टोबरातली बोट ठरली. बातमी निपाणीला पोचली त्याच्या दुसऱ्याच दिवशी साडू आमच्या दारात हजर. "बसा," ते मला माझ्याच घरात म्हणाले. "मी घरमालकीन. तुमी खोली बघाय आलाय. इचारा."

मी विचारलं, "खोलीचं भाडं किती?"

"चुकलं! आधी मीटर, मग भाडं. पुन्यांदा."

"मीटर कुणाच्या नावावर आहे?"

"हां. आनि?"

"पेटीची किल्ली कुणाकडे?"

"आनि आजचा आकडा? अहो पावणं, आजचा आकडा इचारला न्हाय तर आदल्या भाडेकरूनं जाळल्याला गॅस तुमच्या डोक्यावर बसंल!" ते पाठोपाठ चार रविवार आले. बायको दाराआड उभी राहून पोट धरून हसे. मी वरकरणी शिकत होतो आणि मनात वेगळंच ठरवीत होतो. मी गॅस-विजेसकट भाडं असलेली खोली घेणार होतो. मीटरच नसलेली. परत आल्यावर पहिल्या दिवाळीत मामांना काय सांगायचं, त्याची वाक्यं मी आतापासूनच जुळवली होती. लोड माझ्याकडे सरकला असता.

सप्टेंबरात विलायतेत लढाई जाहीर झाली. आठवड्याभरात मुंबईचं पत्र आलं: जाणं तूर्त तहकूब. पुढच्या पत्रात 'तूर्त' हा शब्द नव्हता.

साडू आले. या वेळी त्यांनी मीटर कुठे म्हणून विचारलं नाही. तंबाखूच्या रोपांबद्दल बोलले, संकेश्वरजवळ मोटार बंद पडली त्याबद्दल बोलले. आत चहा उतरला आणि शेगडी रिकामी जळत राहिली. त्यांनी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रोपांबद्दल बोलू लागले. तासाभरात त्यांच्या तोंडून लंडनचं नाव एकदाही निघालं नाही.

दिवाळीला मामांनी नेहमीप्रमाणे लोड सरकवला. "हां, मग ती पेटी."

साडूंनी पानाला चुना लावला. "इसरलो बगा मामा. लई दिस झालं."

"इसरला? आनि बाई काय म्हनली त्ये?"

"त्येबी इसरलो."

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. मी म्हणालो, "दाजी, सांगा की." ते पान चघळत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पावणं. पाडव्याला कोल्लापूरला जायचं का, त्ये बोला." पुढल्या दिवाळीला मामांनी विचारलं नाही. तो विषय त्या घरातून गेला. जावयाने विसरलो म्हटल्यावर त्याला दुसऱ्यांदा विचारणं मामांना बरं दिसलं नसावं.

नंतर एकदा कामासाठी निपाणीला गेलो असता वखारीवरून जात होतो. पडवीत पोत्यांवर माणसं बसली होती. मधे साडू उभे होते. खांद्यावरचं उपरणं त्यांनी घोंगडं पांघरावं तसं गुंडाळलं होतं, एक हात पुढे केला होता. त्यांनी मला पाहिलं आणि हात खाली आला. "या, या पावणं," ते म्हणाले. "यंदा पान जरा बारीक हाय म्हनत हुतो." बसलेली माणसं माझ्याकडे, रंगात आलेल्या कीर्तनात निरोप घेऊन शिरलेल्या माणसाकडे बघावं तसं बघू लागली.

मला काम आहे असं सांगून मी निघालो. वखारीच्या भिंतीच्या वळणाला गेलो आणि एका बैल सोडलेल्या गाडीच्या आड थांबलो. मग पडवीतून एकदम मोठं हसू उठलं. चार हमाल, दोन गाडीवान आणि एक पानवाला एवढी माणसं तिथे होती. त्या सातही जणांचा मला हेवा वाटला.